टोचलेल्या कानाच्या आत

माझ्या भाचीने दिवाळीच्या सुटीत कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून घेतलं. एका मॉलमधल्या काउंटरवर, गनने, पाच मिनिटांत. "मावशी, मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही गं," असं तिने त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. नवव्या दिवशी पुन्हा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. कान ठणकतोय, गरम लागतोय, त्या कुशीवर झोपताच येत नाही. मी जाऊन पाहिलं. कानाचा वरचा भाग लालभडक झाला होता आणि इतका सुजला होता की आतल्या वळ्या बुजून सपाट झाल्या होत्या. खालची पाळी मात्र नेहमीसारखी मऊ, फिकट. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ती पाळी चिमटीत धरून पाहिली आणि लगेच निदान सांगितलं. पाळीवरून त्यांना काय कळलं, ते पुढे येईलच.

घरी आल्यावर माझ्या आईने एकच प्रश्न विचारला: "सोनाराकडे का नाही गेली?" प्रश्न गैर नव्हता. आमच्या घरात सगळ्यांचे कान सोनारानेच टोचले आणि कुणाला काही झालं नाही. पण त्या सगळ्यांची पाळी टोचली होती. भाचीची टोचली ती कूर्चा, म्हणजे वरच्या कानाला आकार देणारा कडक पण लवचीक भाग. दोन्हींमध्ये अंतर दोन बोटांचं असलं, तरी जखम भरून येण्याच्या दृष्टीने ते दोन वेगळेच अवयव आहेत. आज विशीतली मुलं-मुली कान, नाक, भुवई, बेंबी, जीभ असं सगळं टोचून घेतात. त्यांनी टोचू नये असं माझं म्हणणं नाही. कुठे टोचल्यावर आत काय घडतं, एवढं त्यांना आधी माहीत असावं, असं मात्र मला फार मनापासून वाटतं.

आधी पाळी. कानाच्या पाळीत हाड नाही, कूर्चा नाही. आहे ती कातडी, थोडी चरबी, थोडे तंतू आणि भरपूर बारीक रक्तवाहिन्या. सुई आरपार गेली की काही मिनिटांत रक्त गोठतं. पुढचे तीन-चार दिवस पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि मेलेल्या पेशी, जंतू उचलून नेतात. त्या दिवसांत थोडी लाली, थोडी सूज, थोडा ठणका असणारच. इथवर ही जखम भाजी चिरताना कापलेल्या बोटासारखीच. मात्र कापलेल्या बोटाच्या दोन कडा एकमेकींना भेटतात आणि जखम मिटते. टोचलेल्या भोकात मध्ये धातू उभा असतो, त्यामुळे कडांना भेटता येत नाही. मग कातडीच्या पेशी पुढच्या आणि मागच्या तोंडापासून धातूच्या कडेकडेने आत सरकू लागतात, आणि मध्यावर एकमेकींना गाठतात. बोगद्याला दोन्ही तोंडांकडून अस्तर लावत यावं, तसं. अस्तर पुरं झालं की भोक कायमचं झालं. पाळीत याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

म्हणजे भोक बाहेरून आत बरं होत जातं. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही तोंडं कोरडी, स्वच्छ दिसतात, पण मधला भाग ओलाच असतो. नेमक्या याच वेळी मैत्रिणीच्या हळदीला झुमके घालायचा मोह होतो. झुमक्याची आकडी घुसते, कोवळं अस्तर फाटतं, आणि सगळं पहिल्या दिवसापासून सुरू होतं. या वेळी वापरलेल्या दागिन्यावरचे जंतूही सोबत असतात. "कानातलं रोज फिरवत राहा, नाहीतर चिकटेल" हा घरोघरी मिळणारा सल्लाही असाच त्रासाचा. कातडी धातूला चिकटत नाही. चिकटतो तो जखमेतून पाझरलेला आणि वाळलेला द्रव. दागिना फिरवला की ती कडक खपली आत ओढली जाते आणि अस्तराला ओरखडे काढते.

कान टोचणं आपल्याकडे किती विचारपूर्वक होत आलंय, हे पाहायचं तर सुश्रुतसंहिता पाहावी. तिच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेली पाळी जोडण्याचा आहे. कान ओढून धरावा आणि सूर्याचा प्रकाश जिथून आरपार दिसतो तिथे टोचावं, असं त्यात सांगितलंय. जागा चुकली तर कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या शिरांना इजा होऊन ताप, सूज, वेदना होतात, असा इशाराही दिलाय. आज चांगला पिअर्सिंग करणारा कानामागे छोटी टॉर्च धरून शिरा कुठून जातात ते बघतो आणि मगच खूण करतो. युक्ती तीच. मला या अध्यायात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की टोचण्याचं वर्णन करणाऱ्याने बिघडलं तर काय होतं आणि मग काय करायचं, हेही त्याच अध्यायात लिहून ठेवलं.

आईच्या सोनाराला पाळी टोचणं का साधायचं, याचं उत्तरही आता देता येतं. तो सोन्याच्या बारीक तारेचं टोक घासून अणकुचीदार करतो, तीच तार पाळीतून काढतो आणि वळवून कडी करतो. तार प्रत्येकाची नवी असते. ती गुळगुळीत असते, आणि मागे घट्ट फिरकी नसल्यामुळे भोकाला हवा लागते. २२ कॅरेट सोन्यात बहुतेक भाग सोनंच असल्याने अंगाला त्रासही क्वचित होतो. उणीव आहे ती पकडीत आणि हातात. तीच पकड दिवसभरात अनेकांच्या रक्ताला लागते आणि फार तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जाते. वर हळद-तेल लावलं जातं, त्या वाटीतही सगळ्यांची बोटं बुडालेली असतात. खेड्यांत भोक बुजू नये म्हणून खराट्याची काडी घालायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, आणि खराटा अंगण झाडतो. ती काडी कृपा करून कुणाच्या कानात घालू नका.

आता गन. तिच्यात स्प्रिंग असते. घोडा दाबला की कानातल्याची दांडी जोराने पाळीत ठोकली जाते आणि पलीकडे फिरकीत बसते. दांडीचं टोक सुईच्या मानाने बोथट असतं. धारदार सुई पेशींना कापत जाते, बोथट दांडी त्यांना चेचत जाते. मऊ पाळी हे बऱ्याचदा सोसते. दुसरी अडचण लांबीची. दांडी ठरावीक मापाची असते, आणि सुजलेल्या कानाला ती अपुरी पडली की मागची फिरकी कातडीत रुतत जाते. काही वेळा ती इतकी आत जाते की छोटी शस्त्रक्रिया करून काढावी लागते. तिसरी अडचण सगळ्यात गंभीर आहे. बहुतेक गन प्लास्टिकच्या असतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या तर वितळतात. मग एका गिऱ्हाइकानंतर दुसऱ्याच्या आधी त्या फक्त पुसल्या जातात.

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचाच मोठा भाऊ. पंधरा पौंड दाबाखाली वाफेचं तापमान १२१ अंशांवर जातं आणि पंधरा-वीस मिनिटांत बीजाणूंसकट सगळे जंतू मरतात. उकळत्या पाण्यात अवजार टाकलं तर काही चिवट बीजाणू उरतात. पार्लरमधल्या निळ्या प्रकाशाच्या पेटीवर तर अजिबात विसंबू नका. तो प्रकाश जिथे थेट पडतो तेवढाच भाग स्वच्छ होतो, पकडीच्या बिजागरीतलं वाळलेलं रक्त तसंच राहतं.

सुईने टोचणारा पोकळ सुई वापरतो. तिच्या टोकाची धार तिरपी असते आणि ती आपल्या जाडीएवढी वाट कापून देते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: १८ गेज म्हणजे सुमारे एक मिलिमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. ही सुई एकदाच वापरायची असते. तुमच्यासमोर बंद पाकीट फोडलं गेलं पाहिजे, आणि निर्जंतुक झाल्याची खूण म्हणून पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला दिसला पाहिजे. हातमोजे नवे हवेत. मोजे घालून मोबाइल उचलला तर मोजे बदलायला हवेत. वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात न जाता न फुटणाऱ्या वेगळ्या डब्यात गेली पाहिजे. यातलं काही दिसलं नाही तर विचारा, आणि उत्तर टाळलं गेलं तर उठून या, आगाऊ दिलेले पैसे गेले तरी चालतील. भिंतीवरचा गुमास्ता परवाना दुकान चालवण्याचा असतो. अवजारं कशी स्वच्छ केली जातात, हे तो परवाना देताना कुणी तपासलेलं नसतं.

एवढा आग्रह धरायचं कारण रक्तातून पसरणारे विषाणू. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. रुग्णालयात बाधित सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवावरून असं दिसतं, की लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते, हिपॅटायटिस सीची शंभरात दोनच्या आसपास, एचआयव्हीची हजारात तीनच्या आसपास. लोक विचारतात एचआयव्हीबद्दल, आणि भीती बाळगायला हवी ती हिपॅटायटिसची. हिपॅटायटिस बीची लक्षणं दोन-तीन महिन्यांनी दिसतात, अनेकांत दिसतच नाहीत, त्यामुळे कान टोचल्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. सीवर लस नाही. बीवर उत्तम लस आहे, पण सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही, आणि मिळाली की नाही हे बहुतेकांना माहीतही नसतं. घरातलं जुनं लसीकरण कार्ड काढून बघा. नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारून तीन मात्रांची लस घ्या: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, तेही त्याच भेटीत विचारा.

आता भाचीच्या कानाकडे येते.

पाळीच्या वरचा सगळा कान कूर्चेचा असतो. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना पातळ आवरण असतं, त्यात रक्त खेळतं, आणि तिथून अन्नपाणी झिरपत कूर्चेत जातं. म्हणजे कूर्चा जगते ती त्या आवरणाच्या आधारावर. सुईने टोचलं तर आवरणाला बारीक, नेमकी चीर पडते. गनने ठोकलं तर कूर्चा पिचते, आवरण आजूबाजूला सुटतं, आणि मध्ये पोकळी तयार होते. त्या पोकळीत जंतू शिरले की पू साठतो आणि आवरणाला कूर्चेपासून आणखी दूर ढकलतो. कूर्चेचं अन्न तुटतं. पांढऱ्या पेशींना तिथे पोहोचायला वाट नसते, औषधालाही फारशी नसते. काही दिवसांतच कूर्चा मरून विरघळायला लागते, आणि कानाला आकार देणारा सांगाडाच नाहीसा होतो. पुढे कान चुरगळल्यासारखा दिसतो आणि तो पूर्ववत करणं प्लास्टिक सर्जनलाही अवघड जातं.

पाळीत कूर्चा नाही, म्हणून हा आजार पाळीत उतरत नाही. वरचा कान लाल, सुजलेला, हात लावू न देणारा, आणि खालची पाळी निरोगी: डॉक्टरांनी चिमटीत धरून पाहिलं ते हे. साध्या कातडीच्या संसर्गात पाळीही सुजते.

या आजारामागे बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू सापडतो. तो पाण्यात आणि ओलसर जागी राहतो: नळाच्या तोटीत, बादलीत, स्पंजात, पोहण्याच्या तलावात. जंतुनाशकाच्या बाटलीतही राहू शकतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००० साली एका काउंटरवर कान टोचून घेतलेल्या तरुणांमध्ये हा संसर्ग पसरला. तपासात ७ जणांना तो झाल्याचं सिद्ध झालं, आणखी १८ जणांना झाल्याचा संशय होता. शोध घेता घेता तपास फवारणीच्या बाटलीपाशी पोहोचला. ज्या द्रवाने कान निर्जंतुक करायचे, त्यातच जंतू वाढले होते. वरचा कान टोचलेल्यांना धोका पाळी टोचलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होता, हेही त्यात स्पष्ट झालं.

इथे आपल्याकडे होणारी एक चूक सांगायलाच हवी. कान सुजला की आपण औषधाच्या दुकानात जातो आणि अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या मागतो. त्या गोळ्यांचा स्यूडोमोनासवर काहीही परिणाम होत नाही. दोन-तीन दिवस गोळ्या घेत वाट पाहिली जाते, आणि कूर्चा वाचवायचे दिवस नेमके तेच असतात. भाचीनेही दोन दिवस तेच केलं होतं. योग्य औषध कोणतं हे डॉक्टरच ठरवतील, बऱ्याचदा पू तपासायला पाठवून. पू साठला असेल तर चीर देऊन काढावा लागतो. तिचा काढावा लागला. कान वाचला. वरच्या कडेला हरभऱ्याएवढा खळगा राहिला, तो केसांखाली झाकते.

वरचा कान टोचणं आपल्याला नवीन नाही. बुगडी तिथेच असते, पुरुषांची भिकबाळीही तिथेच. पण बुगडीचं भोक एकदा पाडलं की तीच बुगडी वर्षानुवर्षं राहायची, काढ-घाल नव्हती. आज लग्नात एक दिवस भिकबाळी घालायला कितीतरी मुलं आदल्या आठवड्यात कान टोचून घ्यायला निघतात. कूर्चेचं भोक सुकायला सहा महिने ते वर्ष लागतं. एका दिवसासाठी चापाची भिकबाळी, दाबाची बुगडी किंवा दाबाची नथ घ्यावी, फोटोत फरक कळत नाही.

नाकाचं थोडक्यात सांगते. नाकपुडी सुकायला दोन ते चार महिने, कधी त्याहून जास्त. जवळजवळ तीनातल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू एरवीही वस्तीला असतो, म्हणून चमकीला न धुतलेली बोटं लावायची नाहीत. बेंबीला सहा महिने ते वर्ष लागतं, कारण जीन्सची कड, सलवारची किंवा परकराची नाडी यांतलं काही ना काही तिथे रोज घासतं, घामही तिथेच साठतो. नवरात्रात चनिया-चोळी घालायची म्हणून सप्टेंबरात बेंबी टोचणाऱ्या मुलींना गरब्याच्या नऊ रात्री ओल्या जखमेवर घालवाव्या लागतात.

जिभेबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. जीभ सगळ्यात लवकर सुकते, चार ते सहा आठवड्यांत, आणि म्हणून ती सोपी वाटते. जिभेत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती इतकी सुजते की सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालावी लागते आणि सूज उतरल्यावर आखूड दांडीने बदलावी लागते. अनेक जण दुसऱ्यांदा जातच नाहीत. लांब दांडी तोंडात खेळत राहते, दातांवर आपटत राहते. समोरच्या खालच्या दातांमागची हिरडी मागे सरकते, दाढांचे टवके उडतात. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि मागे गेलेली हिरडी आपोआप पुन्हा चढत नाही. क्वचित संसर्ग जिभेखाली उतरून श्वासाची वाटच आवळतो. मला कुणी विचारलं तर जीभ टोचू नका असंच मी सांगते.

इंग्लंडमध्ये १०,५०३ प्रौढांची पाहणी झाली होती, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. कानाची पाळी सोडून इतरत्र टोचून घेतलेल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांत सुमारे ३१ टक्के टोचण्यांनंतर काही ना काही त्रास झाला होता आणि सुमारे एक टक्का टोचण्यांनंतर रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं. म्हणजे बहुतेकांचं ठीक होतं, आणि जवळजवळ दर तीन टोचण्यांमागे एकीत काहीतरी बिघडतं. बिघडलेलं बहुतेक किरकोळ असतं. पण ते घडणार असं धरूनच तयारीने जावं.

बिघाडाचं एक मोठं कारण धातू. स्वस्त दागिन्यांत निकेल असतं. ते घामात विरघळतं, ओल्या भोकातून थेट आत जातं आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. एकदा शिकली की जन्मभर विसरत नाही. पुढे घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, कमरपट्ट्याचं बक्कल जिथे लागेल तिथे खाज आणि पुरळ. नवरात्रात रस्तोरस्ती मिळणारे ऑक्सिडाइज्ड झुमके बऱ्याचदा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांवरचा मुलामा झिजला की खालचा धातू उघडा पडतो. युरोपीय संघाने १९९४ मध्येच निकेलवर बंधनं आणली. भोकात राहणाऱ्या दांडीतून दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तिथला नियम आहे. ताज्या भोकासाठी शस्त्रक्रियेत वापरतात त्या दर्जाचं टायटॅनियम सगळ्यात निर्धोक. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असतं, पण घट्ट बांधलेलं. बहुतेकांना ते चालतं, निकेलचा त्रास असलेल्यांनी टाळावं. चांदी सुकलेल्या भोकात चालेल, ओल्या भोकात ती काळी पडते आणि कातडीत डाग सोडते. खाज जास्त आणि दुखणं कमी असेल तर बहुधा धातूचा त्रास असतो, ठणका आणि ऊब असेल तर संसर्ग.

गाठ येण्याचं काय? भोकाच्या तोंडाशी येणारा लालसर, ओला फोड बहुधा घासण्यामुळे किंवा दाबामुळे येतो आणि कारण दूर झाल्यावर काही आठवड्यांत बसतो. कीलॉइड वेगळं. ते टणक, गुळगुळीत असतं, आणि जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातं, कधी लिंबाएवढंही होतं. सावळ्या वर्णाच्या लोकांत ते अधिक आढळतं, दहा ते तीस या वयात अधिक, आणि घराण्यात चालत येतं. नुसतं कापून काढलं तर पुष्कळदा परत येतं, पूर्वीपेक्षा मोठं होऊनही. म्हणून टोचण्याआधी स्वतःच्या अंगावरच्या जुन्या खुणा तपासा. दंडावरच्या लशीची, कांजिण्यांची, ऑपरेशनची खूण उंचावलेली, वाढलेली असेल, किंवा आई-वडिलांपैकी कुणाला अशी गाठ असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली असेल, जन्मतः हृदयात दोष असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तरीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. भोकातून रक्तात गेलेले जंतू खराब झडपेवर बसू शकतात.

निगा साधी आहे, आणि ती साधी ठेवण्यातच तिचं यश आहे. औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन मिळतं. दिवसातून दोनदा हात साबणाने धुवावेत, सलाइनने भिजवलेल्या गॉझने मऊ झालेली खपली अलगद टिपावी, कोरड्या गॉझने कोरडं करावं. संपलं. घरी मीठ-पाणी केलं तर ते हमखास जास्त खारट होतं आणि जखम कोरडी करतं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, खोबरेल तेल, मलम यांतलं काही लावू नका. पहिली दोन अस्तरातल्या नव्या पेशीही मारतात, बाकीची भोकाचं तोंड बुजवतात. कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. वरचा कान टोचला असेल तर त्या बाजूने झोपू नका, फोन दुसऱ्या कानाला लावा. हेल्मेट कूर्चेला रोज दोनदा घासतं, आणि हेल्मेट सोडायचं नाही, म्हणून दुचाकी चालवणाऱ्यांनी पहिले काही आठवडे बसचा विचार करावा. तलावात, नदीत, समुद्रात उतरू नका. परीक्षेचं वेळापत्रकही बघा: नीटच्या केंद्रावर कानातलं, नाकातलं काढून ठेवावं लागतं, आणि ताजं भोक काही तासांत आकसायला लागतं. रक्तदान करत असाल तर टोचल्याची तारीख लक्षात ठेवा, रक्तपेढी विचारते आणि ठरावीक काळ थांबायला सांगते.

पहिले काही आठवडे पातळ, पांढुरका द्रव येऊन वाळणं साहजिक आहे. घट्ट पिवळा-हिरवा पू, वास, वाढत जाणारा ठणका, भोकापासून पसरत जाणारी लाली, ताप हे साहजिक नाही. अशा वेळी घाबरून दागिना काढू नका. तोंडं मिटतात आणि पू आत कोंडतो. दागिना ठेवायचा की काढायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि वरचा कान टोचल्यानंतर तो सुजला, ठणकू लागला, आणि पाळी मात्र मऊच राहिली, तर दुकानातून गोळ्या आणू नका, सकाळपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि कुठे, कधी, कशाने टोचलं ते सगळं सांगा.